बारीचा चषक कोणत्या देशाने जिंकला?

२९ मे १९९१ रोजी इटलीतल्या बारी शहरात बेलग्रेडच्या त्सर्वेना झ्वेझ्दा या क्लबने युरोपियन कप जिंकला. आपल्याकडच्या क्रीडा पानांवर हा क्लब ‘रेड स्टार’ या नावाने ओळखला जातो. त्या रात्री सुरुवातीला मैदानात उतरलेल्या अकरा जणांची जन्मगावे आजच्या नकाशावर शोधायला गेले, तर ती सात देशांत विखुरलेली सापडतात. देयान सावीचेविच, रेफिक शाबानाजोविच आणि स्लोबोदान मारोविच हे तिघे माँटेनेग्रोत जन्मलेले. दार्को पांचेव्ह आणि इलिया नायदोस्की मॅसेडोनियाचे. सिनिशा मिहायलोविच क्रोएशियातल्या वुकोवारचा. रॉबर्ट प्रोसिनेच्कीचा जन्म जर्मनीतला, वडील क्रोएट आणि आई सर्ब. मिओद्राग बेलोदेदिच रुमानियातल्या सर्ब वस्तीतला. कर्णधार आणि गोलरक्षक स्तेवान स्तोयानोविच कोसोव्हस्का मित्रोवित्साचा, आणि ते गाव नेमके कोणाचे हा तंटा अजून मिटलेला नाही. उरले द्रागिशा बिनिच आणि व्लादिमिर युगोविच. ज्यांच्या गावांवरच्या सर्बियाच्या हक्काबद्दल कुणी शंका घेत नाही, असे हे दोघेच.

या क्लबची ओळख आज ‘सर्बियाचा सर्वांत मोठा क्लब’ अशी करून दिली जाते आणि बारीचा चषक हा सर्बियाचा अभिमान म्हणून मिरवला जातो. माझे म्हणणे असे आहे, की तो चषक सर्बियाने जिंकलेला नाही. तो युगोस्लाव्हियाने जिंकला. सुमारे साडेतेवीस दशलक्ष लोकांचा देश, त्या देशाची चुरशीची साखळी स्पर्धा, त्या देशाने खेळाडूंना घरी थांबवण्यासाठी केलेले नियम आणि त्याच्या कानाकोपऱ्यांतून राजधानीकडे वाहत आलेली गुणवत्ता, या सगळ्याचे ते फळ होते. देश मोडला तेव्हा क्लबचे नाव, रंग, मैदान आणि पाठीराखे असे सारे जागच्या जागी राहिले. तरी तो चषक पुन्हा बेलग्रेडला येणे जवळजवळ अशक्य झाले. अनेकांना ही गोष्ट निव्वळ दुर्दैवाची वाटते. मला ती फुटबॉल नावाचा खेळ कशावर उभा असतो याचा अतिशय स्पष्ट पुरावा वाटते.

क्लबचा जन्म ४ मार्च १९४५ चा. बेलग्रेड ऑक्टोबर १९४४ मध्ये नाझींच्या तावडीतून सुटले होते, पण युरोपातले युद्ध अजून संपायचे होते. फॅसिस्टविरोधी तरुणांच्या संघटनेने हा क्रीडा मंडळाचा घाट घातला आणि स्थापनेच्याच दिवशी संघ लष्कराच्या एका तुकडीविरुद्ध सामना खेळला. लाल तारा हे त्या काळच्या विजयी चळवळीचे चिन्ह, तेच नाव झाले. पण क्लबला घर मिळाले ते दुसऱ्याच्या मरणातून. १९१३ मध्ये स्थापन झालेला आणि १९२४ व १९२५ साली राष्ट्रीय विजेता ठरलेला ‘युगोस्लाविया’ हा जुना क्लब नव्या सत्तेने बरखास्त केला. नाझी ताब्याच्या काळात तो स्पर्धा खेळत राहिला, हा त्याच्यावरचा ठपका. त्याचे मैदान, त्याचे काही खेळाडू आणि त्याचे लाल-पांढरे रंगही नव्या क्लबकडे आले. ज्या क्लबवर हा ठपका आला, त्याच्याच संघात कोवळ्या वयात नाव कमावलेला मिलुतिन इव्कोविच १९३० च्या विश्वचषकात युगोस्लाव्हियाचा कर्णधार होता. तो कम्युनिस्ट होता आणि १९४३ साली यायिन्त्सी इथे नाझींनी त्याला गोळ्या घातल्या. बरखास्तीच्या निर्णयात अशा माणसांचा हिशेब कुणी मांडला नाही. हा अन्याय होता, आणि झ्वेझ्दाच्या थोरवीच्या गोष्टी सांगताना तो वगळू नये असे मला वाटते.

इथेच पहिला आक्षेप येतो. हा तर सरकारी क्लब, सत्तेने जन्माला घातला आणि सत्तेनेच वाढवला, त्याच्या विजयांना देशाच्या गुणवत्तेचे श्रेय कशाला? आक्षेपात तथ्य आहे, पण तो फार पुरत नाही. १९४५ च्याच ऑक्टोबरमध्ये बेलग्रेडमध्येच पार्टिझानची स्थापना झाली, तीही थेट लष्कराचा क्लब म्हणून. स्प्लिटच्या हायदुकचे खेळाडू युद्धकाळात विस बेटावर जाऊन पार्टिझान सेनेचा संघ म्हणून खेळले होते, त्यामुळे नव्या राज्यात त्यांचाही मान होता. झाग्रेबचा डिनामो हाही १९४५ मध्ये जुने क्लब मोडून उभा केलेला. म्हणजे सत्तेचा हात सगळ्याच मोठ्या क्लबांच्या पाठीवर होता. १९५१ मध्ये झ्वेझ्दाने पहिले विजेतेपद मिळवले, तेही डिनामोशी गुण सारखे होऊन गोल सरासरीच्या बारीक फरकाने. युगोस्लाव्ह साखळीत झ्वेझ्दाने एकूण १९ विजेतेपदे मिळवली, पार्टिझानने ११. उरलेली हायदुक, डिनामो, वोयवोदिना, सारायेवो, झेल्येझ्निचार यांच्यात वाटली गेली. ज्या स्पर्धेत बोस्नियातले दोन क्लब विजेते होऊ शकतात, तिथे राजधानीच्या क्लबाला दर आठवड्याला घाम गाळावाच लागतो.

ही स्पर्धा इतकी कसदार राहण्यामागे एक नियम होता आणि या लेखाच्या दृष्टीने तो फार महत्त्वाचा आहे. बराच काळ युगोस्लाव्हियात वयाची २८ वर्षे पूर्ण झाल्याशिवाय फुटबॉलपटूला परदेशी क्लबकडे जाता येत नसे. पुढे हा नियम सैलावत गेला, पण त्याने दोन-तीन पिढ्या घडवल्या. द्रागान झायिच या डाव्या बगलेवरच्या विलक्षण खेळाडूचेच पाहा. १९६८ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत त्याने उपांत्य सामन्यात इंग्लंडवर निर्णायक गोल केला आणि त्या वर्षी युरोपातल्या सर्वोत्तम खेळाडूंच्या निवडीत तो तिसरा आला. आज अशा मुलाला त्याच उन्हाळ्यात माद्रिद किंवा मँचेस्टर उचलून नेईल. झायिच मात्र १९७५ पर्यंत बेलग्रेडमध्येच खेळत राहिला आणि मगच फ्रान्समधल्या बास्तियाकडे गेला. खेळाडूच्या स्वातंत्र्यावर हे बंधन होते यात वाद नाही, आणि त्याचे समर्थन मी करणार नाही. पण त्याचा परिणाम नाकारता येत नाही. घरच्या मैदानावर प्रेक्षकांना आपल्या देशातले सर्वोत्तम खेळाडू त्यांच्या सर्वोत्तम वर्षांत पाहायला मिळत होते.

तेव्हाही क्लबचे मोठेपण सर्बियापुरते नव्हते. झ्वेझ्दामध्ये एक जुनी प्रथा आहे. पिढी गाजवणाऱ्या खेळाडूला ‘झ्वेझ्दाचा तारा’ हा किताब मिळतो. पहिला मान राज्को मितिचचा. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये अनवाणी खेळणाऱ्या भारतीय संघाला १०-१ असे हरवणाऱ्या युगोस्लाव्ह संघात तो होता. दुसरा मान द्रागोस्लाव शेकुलारात्सचा, आणि तो जन्मलेला मॅसेडोनियातल्या श्तिप गावात. १९५७ मध्ये संघ युरोपियन कपच्या उपांत्य फेरीत होता. पुढच्या वर्षी ५ फेब्रुवारीला बेलग्रेडमध्ये त्याने मँचेस्टर युनायटेडला ३-३ असे रोखले आणि दुसऱ्याच दिवशी घरी परतणाऱ्या इंग्लिश संघाचे विमान म्युनिकला कोसळले. १९६६ ते १९७४ या काळात मिल्यान मिल्यानिच प्रशिक्षक होता, चार वेळा साखळी जिंकून तो रेआल माद्रिदला गेला. १९७३ च्या शरद ऋतूत त्याच्या संघाने लिव्हरपूलला बेलग्रेडमध्ये आणि मग ॲनफिल्डवर जाऊनही प्रत्येकी २-१ असे हरवले होते.

१ सप्टेंबर १९६३ रोजी उघडलेले नवे स्टेडियमही याच आकाराच्या कल्पनेतून उभे राहिले. जुन्या ‘युगोस्लाविया’च्या जागी जमीन खोल उकरून त्यांनी मैदान खाली नेले आणि प्रेक्षकांच्या पायऱ्या त्या खड्ड्याच्या उतारावर चढवल्या. त्यामुळे बाहेरून येणाऱ्याला इमारत बुटकी वाटते, आणि आत शिरले की एकदम खाली दरी उघडावी तसे मैदान दिसते. क्षमता लाखाच्या वर होती. ब्राझीलच्या स्टेडियमवरून लोकांनी त्याला ‘माराकाना’ म्हणायला सुरुवात केली. १९७५ मध्ये हंगेरीच्या फेरेन्त्सवारोशविरुद्धच्या उपांत्य सामन्याची ९६,०७० तिकिटे विकली गेली. १९७३ चा युरोपियन कपचा अंतिम सामना इथेच झाला, आणि १९७६ मध्ये चेकोस्लोव्हाकियाच्या पानेन्काने गोलरक्षकाला फसवत हलकेच उचललेली ती जगप्रसिद्ध पेनल्टीही इथलीच. आज खुर्च्या बसवल्यावर तिथे पन्नास हजारांच्या आसपास माणसे मावतात.

आता त्या संघाकडे. क्लबचा कारभार पाहणाऱ्यांमध्ये झायिच स्वतः होता. १९८६ च्या सुमारास पाच वर्षांत युरोपचा चषक जिंकेल असा संघ बांधायचे ठरले, हे त्या वेळच्या लोकांनी पुढे अनेकदा सांगितले आहे. मग देशभरातून खेळाडू गोळा होऊ लागले. निशहून द्रागान स्तोयकोविच आला. झाग्रेबच्या डिनामोने ज्याची कदर केली नाही तो प्रोसिनेच्की १९८७ मध्ये आला, आणि त्याच वर्षी चिलीमधल्या युवा विश्वचषकात युगोस्लाव्हिया जिंकल्यावर स्पर्धेतला सर्वोत्तम खेळाडू ठरला. १९८८ मध्ये तितोग्रादच्या बुदुच्नोस्तकडून सावीचेविच आणि स्कोप्येच्या वार्दारकडून पांचेव्ह आले. सारायेवोच्या झेल्येझ्निचारकडून शाबानाजोविच मिळाला, नोव्ही सादच्या वोयवोदिनाकडून मिहायलोविच. बेलोदेदिचची हकिगत सर्वांत वेगळी. स्तेआवा बुखारेस्टकडून १९८६ चा युरोपियन कप जिंकलेला हा बचावपटू १९८८ मध्ये चाउशेस्कूच्या रुमानियातून निसटला आणि लहानपणापासून ज्याचा चाहता होता त्या क्लबाच्या दारात येऊन उभा राहिला. मायदेशात त्याला गैरहजेरीत शिक्षा सुनावली गेली.

याच टप्प्यावर दुसरा आणि जास्त वजनदार आक्षेप पुढे येतो. देश तर सगळ्यांचाच होता. पार्टिझान, हायदुक, डिनामो यांनाही तोच देश, तोच नियम आणि तीच साखळी होती. मग चषक फक्त झ्वेझ्दालाच का मिळाला? म्हणजे श्रेय देशाचे नसून क्लबचे आहे. मी याला अर्धे उत्तर देतो आणि अर्धे मान्य करतो. झायिच आणि त्याच्या सहकाऱ्यांची नजर, थांबण्याची तयारी आणि राजधानीच्या क्लबची ओढ नसती, तर हे अकरा जण एकत्र आले नसते. पण निवड करायला आधी पुरेसे धान्य लागते. झायिचची तीच नजर, तीच माणसे आणि तेच स्टेडियम १९९२ नंतरही क्लबाकडे होते, झायिच पुढे क्लबचा अध्यक्षही झाला. निकाल मात्र तसे आले नाहीत. चांगला माळी दोन्ही वेळी होता, बदलले ते शिवार. तेव्हा नजर क्लबची आणि साहित्य देशाचे, असा हिशेब मला न्याय्य वाटतो.

त्या हंगामाचा सर्वांत मोठा सामना बारीचा नव्हता. तो २४ एप्रिल १९९१ चा, माराकानावर बायर्न म्युनिकविरुद्धचा. म्युनिकमध्ये पांचेव्ह आणि सावीचेविचच्या गोलांनी झ्वेझ्दा २-१ जिंकून आला होता. बेलग्रेडमध्ये मिहायलोविचच्या फ्री किकने आघाडी मिळाली, पण बायर्नने दोन गोल करून एकूण हिशेब बरोबरीत आणला. जादा वेळ डोळ्यांसमोर दिसू लागला होता. अगदी शेवटच्या क्षणांत मिहायलोविचने डावीकडून चेंडू आत मारला. बायर्नचा अनुभवी कर्णधार क्लाऊस आउगेन्थालर तो अडवायला गेला, चेंडू त्याच्या पायाला लागून उंच उडाला आणि गोलरक्षक रायमंड आउमानच्या डोक्यावरून, त्याच्या हातांना चाटून जाळ्यात उतरला. तो वुकोवारच्या मुलाने मारलेला चेंडू होता. आठवडाभराने, २ मे रोजी, वुकोवारला लागून असलेल्या बोरोवो सेलो गावात १२ क्रोएशियन पोलीस मारले गेले. मिहायलोविच लहानाचा मोठा झाला तो बोरोवोमध्ये. ८ मे रोजी युगोस्लाव्ह चषकाच्या अंतिम सामन्यात झ्वेझ्दा आणि हायदुक समोरासमोर आले, तेव्हा मिहायलोविच आणि हायदुकचा इगोर स्टिमॅक मैदानातच भिडले आणि दोघांनाही बाहेर काढले गेले. पुढे पाच वर्षे भारतीय संघाला शिकवायला आलेला स्टिमॅक तो हाच. हायदुकने १-० ने चषक जिंकला आणि तो क्रोएशियात नेला. असा सामना पुन्हा कधी झाला नाही.

बारीचा अंतिम सामना त्या मानाने नीरस. प्रशिक्षक ल्युप्को पेत्रोविचने प्रतिस्पर्धी मार्सेयच्या ताकदीचा इतका अभ्यास केला होता, की आपल्या सर्जक खेळाडूंना त्याने जवळजवळ बांधून ठेवले. १२० मिनिटांत एकही गोल झाला नाही. मार्सेयच्या बाजूने उशिरा मैदानात आलेला स्तोयकोविच हा वर्षभरापूर्वीपर्यंत झ्वेझ्दाचाच लाडका होता. आपल्या जुन्या क्लबविरुद्ध पेनल्टी मारायला तो पुढे झाला नाही. मार्सेयच्या मानुएल आमोरोसचा पहिला फटका स्तोयानोविचने अडवला. झ्वेझ्दाकडून प्रोसिनेच्की, बिनिच, बेलोदेदिच, मिहायलोविच आणि पांचेव्ह यांनी पाचही चेंडू जाळ्यात मारले. शेवटची पेनल्टी स्कोप्येच्या पांचेव्हची होती. २५ जूनला, म्हणजे महिनाभरही झाला नव्हता तोच, स्लोव्हेनिया आणि क्रोएशियाने स्वातंत्र्य जाहीर केले.

इथे कुणी म्हणेल, की संघ भले सगळ्या देशाचा असो, क्लब असतो तो पाठीराख्यांचा, आणि पाठीराख्यांनी तर तो केव्हाच सर्बियाचा करून टाकला होता. हा आक्षेप मला सर्वांत अस्वस्थ करतो, कारण त्यातली वस्तुस्थिती खरी आहे. ७ जानेवारी १९८९ ला, ऑर्थोडॉक्स नाताळच्या दिवशी, उत्तरेकडच्या पायऱ्यांवरचे वेगवेगळे गट एकत्र येऊन ‘देलिये’ ही संघटना झाली. लवकरच तिची सूत्रे झेल्यको राझनातोविच, म्हणजेच आर्कान, याच्या हाती गेली. युरोपभर दरोडे घातलेला हा माणूस राज्याच्या गुप्तचर यंत्रणेशी जोडलेला होता. १३ मे १९९० रोजी झाग्रेबच्या माक्सिमिर मैदानावर डिनामो आणि झ्वेझ्दाचे पाठीराखे एकमेकांवर तुटून पडले आणि सामना पार पडलाच नाही. डिनामोच्या झ्वोनिमिर बोबानने एका पोलिसाला मारलेली लाथ तेव्हापासून क्रोएशियन स्वातंत्र्याच्या गोष्टीत गोवली गेली. तो पोलीस सर्ब नव्हता, बोस्नियन मुसलमान होता. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये आर्कानने स्वयंसेवकांची सशस्त्र टोळी उभी केली, आणि तिच्यातले कितीतरी तरुण याच पायऱ्यांवरून आले. पूर्व स्लाव्होनियात आणि मग बोस्नियात या टोळीने जे केले, त्यासाठी पुढे हेगच्या न्यायालयाने आर्कानवर आरोपपत्र ठेवले. खटला उभा राहण्याआधीच जानेवारी २००० मध्ये बेलग्रेडच्या एका हॉटेलात त्याचा खून झाला.

२२ मार्च १९९२ च्या पार्टिझानविरुद्धच्या सामन्यात याच टोळीतली माणसे उत्तर बाजूच्या पायऱ्यांवर येऊन उभी राहिली आणि त्यांनी रस्त्यावरच्या पाट्या वर धरल्या. त्या वुकोवारच्या वाटेवरून उखडून आणलेल्या पाट्या होत्या. एकेक पाटी वर येत गेली, शहराचे अंतर कमी होत गेले, आणि शेवटी आली ती शहराच्या वेशीवरची पाटी. आदल्या नोव्हेंबरमध्ये वुकोवार जमीनदोस्त होऊन पडले होते. ज्या शहरात जन्मलेल्या मुलाने या क्लबला युरोपच्या शिखरावर नेले, त्या शहराच्या पाट्या त्याच क्लबच्या पायऱ्यांवर लुटीचा माल म्हणून मिरवल्या गेल्या. तेव्हा आक्षेपाला माझे उत्तर असे: होय, पाठीराख्यांनी क्लब फक्त सर्बियाचा करून टाकला, पण त्याच कृत्याने त्यांनी क्लबचा पाया खणून काढला. आपल्या संघाच्या विजयात माँटेनेग्रोचा, मॅसेडोनियाचा, क्रोएशियाचा वाटा आहे हे ज्यांना दिसले नाही, त्यांनी पुढच्या सावीचेविच आणि प्रोसिनेच्कीचे रस्ते स्वतःच बंद केले. सगळेच पाठीराखे या टोळीत नव्हते, हेही सांगितले पाहिजे. ऑक्टोबर २००० मध्ये राष्ट्राध्यक्ष मिलोशेविचची सत्ता उलथवणाऱ्या गर्दीत झ्वेझ्दाचे पाठीराखे पुढे होते.

मोडतोड किती वेगाने झाली पाहा. डिसेंबर १९९१ मध्ये तोक्योत झ्वेझ्दाने चिलीच्या कोलो-कोलोला ३-० ने हरवून क्लबांचे जगज्जेतेपद मिळवले. पण प्रोसिनेच्की तोवर माद्रिदला गेला होता आणि युरोपातले घरचे सामने सेगेद, बुदापेस्ट आणि सोफियात खेळावे लागत होते. विजेतेपद राखण्याची वाट परक्या मैदानांवरच संपली, साम्पदोरिया पुढे गेला. ३० मे १९९२ रोजी संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने निर्बंध लादले. राष्ट्रीय संघाला स्वीडनमधल्या युरोपीय स्पर्धेतून परत पाठवले गेले, त्याच्या जागी आलेल्या डेन्मार्कने ती स्पर्धा जिंकली, आणि क्लब तीन हंगाम युरोपबाहेर राहिले. सावीचेविच मिलानला, पांचेव्ह इंटरला, युगोविच साम्पदोरियाला, मिहायलोविच रोमाला, बेलोदेदिच व्हॅलेन्सियाला गेले. १९९४ च्या अंतिम सामन्यात मिलानने बार्सेलोनाला ४-० ने धुतले, त्यात सावीचेविचने गोलरक्षकाच्या डोक्यावरून टाकलेला गोल होता. १९९६ मध्ये युव्हेंटसला चषक मिळवून देणारी शेवटची पेनल्टी युगोविचची. प्रोसिनेच्की १९९८ च्या विश्वचषकात क्रोएशियाकडून खेळला. दोन वेगळ्या देशांकडून विश्वचषकात गोल करणारा तो एकमेव खेळाडू, १९९० मध्ये युगोस्लाव्हियासाठी आणि १९९८ मध्ये क्रोएशियासाठी.

बाजारवाद्यांचा आक्षेप असा, की युद्ध झाले नसते तरी हेच झाले असते. १९९५ च्या बोसमन निकालाने करार संपलेल्या खेळाडूला मोफत बाहेर पडण्याची मुभा दिली आणि श्रीमंत साखळ्यांनी पूर्व युरोप रिकामा केला. स्तेआवा बुखारेस्टलाही पुन्हा चषक मिळाला नाही आणि रुमानिया तर फुटला नव्हता. १९९५ च्या आयाक्सचेही तेच. हे मला मान्य आहे. झ्वेझ्दाने दुसरा चषक जिंकलाच असता, असे मी म्हणत नाही. पण आयाक्सचे खेळाडू गेले तेव्हा त्याची साखळी शाबूत होती आणि पुढची पिढी त्याच देशातून उभी राहिली. पोर्तो तर २००४ मध्ये युरोपचा विजेताही ठरला. झ्वेझ्दाचे खेळाडू गेले तेव्हा मागे उरलेली साखळी आधी दोन प्रजासत्ताकांनी सोडली, मग मॅसेडोनिया आणि बोस्नियाने, आणि २००६ मध्ये माँटेनेग्रोनेही. देशात ५०० अब्ज दिनारची नोट छापली जात होती. बाजाराने हा क्लब हळूहळू लहान केला असता. फाळणीने त्याचा खेळाडूंचा पुरवठा आणि त्याची स्पर्धा दोन्ही एकाच वेळी तोडले. यातल्या दुसऱ्या तोट्याची चर्चा फार कमी होते.

उरला आजच्या यशाचा मुद्दा. २०१८ पासून साखळीचे विजेतेपद झ्वेझ्दाने हातचे जाऊ दिलेले नाही. त्याच वर्षी साल्झबर्गमध्ये कोमोरोसकडून खेळणाऱ्या एल फार्दू बेनने मिनिट-दीड मिनिटाच्या अंतराने दोन गोल करून क्लबला चॅम्पियन्स लीगच्या गटात नेले. ६ नोव्हेंबर २०१८ ला मिलान पावकोवच्या दोन गोलांनी लिव्हरपूल २-० ने हरले, आणि तेच लिव्हरपूल त्या मोसमात युरोपचे विजेते झाले. ही कामगिरी खरीच मोठी आहे. पण वर्षानुवर्षे न मोडणारी विजेतेपदांची रांग हे ताकदीइतकेच साखळीच्या अशक्तपणाचेही लक्षण आहे. मुख्य स्पर्धेत पोचल्याचे पैसे एका क्लबला मिळतात आणि त्या पैशांनी घरचा फरक दरवर्षी रुंदावतो. याच क्लबला २०१४ मध्ये थकलेल्या देण्यांमुळे युरोपीय संघटनेने चॅम्पियन्स लीगच्या पात्रता फेरीतून वगळले होते, आणि २०१० पासून छातीवर रशियाच्या गाझप्रोमचे नाव आहे. सुमारे ६६ लाखांच्या देशातल्या क्लबने याहून जास्त काय करावे, असे कुणी विचारले तर माझ्याकडे तक्रार नाही. माझे म्हणणे फक्त मोजमापाचे आहे.

आणि हे मोजमाप तपासून पाहण्याची सोय झ्वेझ्दाच्याच घरात आहे. त्याच नावाचा, त्याच रंगांचा बास्केटबॉल संघ २००१ मध्ये सुरू झालेल्या एड्रियाटिक लीगमध्ये झाग्रेब, झादर, ल्युब्लियाना, पोदगोरित्सा इथल्या क्लबांशी खेळत आला आहे. जुन्या देशाचे मैदान तिथे देशाशिवाय पुन्हा जोडले गेले. त्या लीगची अनेक विजेतेपदे मिळवून हा संघ युरोपातल्या सर्वोच्च स्पर्धेत नियमित दिसतो. फुटबॉलमध्ये अशा सामाईक साखळीची कल्पना अधूनमधून मांडली जाते, पण सीमा ओलांडणाऱ्या साखळ्यांना युरोपीय संघटनेची परवानगी सहज मिळत नाही, आणि झाग्रेब-बेलग्रेड सामन्याला पाठीराख्यांना आत सोडण्याची जबाबदारी घ्यायला कुठलेच सरकार उत्सुक नाही. तोवर झ्वेझ्दाचे खेळाडू हंगामातले बहुतेक शनिवार-रविवार अशा संघांशी खेळण्यात घालवतात, ज्यांना हरवल्याने त्यांच्या खेळात काहीच भर पडत नाही, आणि सप्टेंबरमध्ये एकदम मँचेस्टर किंवा बार्सेलोनासमोर उभे राहतात.